पार्टिशनमागचा खोकला

नाही हो ताई, तसा नाही बंद होत तो — मी करून बसलोय सगळं. ते स्क्रीनवर ‘थांबवा’ लिहिलंय ना, ते दाबलं की थांबतो, मिनिटभर शहाण्यासारखा गप्प बसतो, आणि तुम्ही पाठ फिरवलीत की उठून पुन्हा कामाला. माझ्यासारखाच आहे. तुम्हाला पुतण्याने पाठवलंय ना, मशीन पुसून द्यायला? मग बसा की. उभ्याने काय पुसणार, फळा आहे का तो? बसा त्या खुर्चीत. ती दादाची — बसा, बसा, दचकू नका, दुसरी खुर्ची आहेच कुठे. डावा हात टेकू नका फक्त, तो निखळतो. दादाला माहीत होतं, तो उजव्याच हातावर टेकायचा; गिऱ्हाईक बसलं की आपटायचं, आणि मी मागे त्या प्लायवूडच्या पार्टिशनआड तोंडात फडकं कोंबून हसायचो. स्क्रू मीच ढिला ठेवला होता, आणखी कोण ठेवणार.

हे दुकान आमचं. म्हणजे बाबांचं, मग आमचं, आता पुतण्याचं, आणि संध्याकाळी टेम्पो आला की कुणाचंच नाही. शिक्के, पाट्या, नावाची कार्डं, पावतीपुस्तकं. पुढे दादा, कॉम्प्युटरवर. मागे मी, कागदाचं कटिंग आणि शिलाई. दादा शिकलेला. मी सातवीपर्यंत — म्हणजे सातवीच्या दारापर्यंत, आत नाही घेतलं त्यांनी. तर हा जो खोकला तुम्हाला काढायचाय, तो मी बनवलाय. हसा, हसा. सगळे हसतात. तुमचे मालक काय म्हणाले, व्हायरस आहे? म्हाताऱ्याचा कारभार आहे म्हणावं त्यांना.

कसा बनवला? शिलाई करता करता. इथे पलीकडे एक कॉम्प्युटरचा क्लास होता, त्या मास्तरांच्या नोट्स आमच्याकडे छापायला यायच्या. आता शंभर प्रती शिवायच्या म्हणजे एकच पान शंभर वेळा डोळ्यांपुढून जातं — न वाचून सांगता कुणाला! त्यात एक धडा होता: असा प्रोग्रॅम, ज्याला खिडकी नसते. मशीन सुरू झालं की आपोआप सुरू होतो, दिसत कुठेच नाही, कुणी बोलवत नाही, मागच्या मागे आपलं काम करत राहतो. मी म्हटलं, अरे, हे तर माझंच वर्णन छापलंय. मग काय, फुकट गेलेली पानं उशीखाली ठेवून वाचली. दोनदा धडा उलटसुलट शिवला त्या नादात, मुलं पुढचं आधी आणि मागचं नंतर शिकली, मास्तर खवळले — पण मग तेच मास्तर शिकवायलाही लागले. मी विचारायचो, ते डोक्याला हात लावायचे. म्हणायचे, काका, हे शिकून करणार काय? मी म्हणायचो, खोकणार.

खोकणार म्हणजे — बाबा. आमचे बाबा नावाने हाक मारायचे नाहीत कधी. बाजारातून यायचे, त्या पायरीवर उभे राहायचे, हातात पिशवी, आणि खाकरायचे. असं — ह्हं-खॅक्! एवढंच. की दादा जिथे असेल तिथून, "आलो, बाबा," म्हणून धावायचा, पिशवी घ्यायला. मी धावायचो मागच्या दाराने, उलट दिशेला. बाबा जाऊन जमाना झाला, पण ते खाकरणं मला हुबेहूब जमतं. जमायचं. म्हटलं, दादा हल्ली दुपारी काम टाकून डुलक्या घेतो, त्याला बाबांना खाकरायला लावू. योजना अशी — दादाने बराच वेळ कीबोर्डला हात लावला नाही, तर मशीनमधून बाबा खाकरतील — म्हणजे मीच, रेकॉर्ड करून ठेवलेला.

पहिला दिवस! ताई, तुम्ही असायला हवं होतं. मशीन सुरू झालं आणि बाबा खाकरले. मिनिटाने पुन्हा खाकरले. दादा टाईप करतोय, बोटं थांबत नाहीत, तरी आपले खाकरताहेत. समोर एक वकील बसलेले, शिक्का करून घ्यायला. दादा वकिलांकडे बघतोय, वकील दादाकडे. दोघंही सभ्य, कोण बोलणार? शेवटी वकिलांनी खिशातून खोकल्याची गोळी काढून गुपचूप दादापुढे सरकवली. मी मागे जमिनीवर लोळत होतो. मग मास्तरांकडे गेलो तर ते म्हणाले, काका, तुमचा हा प्रोग्रॅम मागच्या खोलीत बसतो. पुढच्या खोलीत कोण कीबोर्ड बडवतंय ते त्याला दिसतच नाही. त्याच्या लेखी सगळं शांत आहे, कुणीच हलत नाहीये.

हो ना. मागे बसलेल्याला पुढचं दिसत नाही. — ते जाऊ दे.

मग मी डोकं चालवलं. कीबोर्ड दिसत नसेल, पण फोल्डर तर दिसतं? दादा काही काम केलं की त्या ‘चालू कामं’ नावाच्या फोल्डरात सेव्ह करायचा. तर मागे बसून फक्त त्या फोल्डरवर डोळा ठेवायचा. अर्धा तास झाला आणि नवीन काही आलं नाही, की एकदा खाकरायचं. दुकानाच्या वेळेतच हं, दुपारी जेवणाची सुट्टी. आणि नाव काय ठेवलं माहीत आहे? ‘प्रिंटर मदत’. कोण हात लावतंय! प्रिंटरच्या नावाने कुणी काही विचारत नाही, सगळेच त्याला घाबरून असतात.

आणि जमलं की हो. दुपारची वेळ, दादाची मान कललेली, आणि मशीनमधून — ह्हं-खॅक्! दादा ताडकन उठून बसला. आणि तोंडातून काय निघावं? "आलो, बाबा!" साठीचा माणूस! मी फडकं तोंडात कोंबलं, तरी आवाज फुटलाच, मग शिलाई मशीन रिकामंच चालवलं त्यावर. मग रोजचंच झालं ते. खोकला यायचा, "आलो, बाबा" यायचं. दिवसाला दोनदा, कधी चारदा. मी म्हणायचो, दादा, कुणाशी बोलतोस रे? तो म्हणायचा, कुठे, कुणाशी नाही, घसा खवखवतोय. मग एकदा ब्रश घेऊन मशीनमधली धूळ काढत बसला. म्हणे याला धुळीचा त्रास होतोय. शिकलेला माणूस! इतकी वर्षं मी त्याची फिरकी घेतली, पण इतकी लांब चाललेली दुसरी नाही. मध्येच एकदा ते कसलं अपडेट आलं, दोन दिवस खोकला बंद. मी म्हटलं, संपली मजा, आता पुन्हा मास्तर शोधा — आणि ते तर क्लास विकून कुठे गेलेले. तर तिसऱ्या दिवशी आपोआप सुरू! आणि आधीपेक्षा झकास. मी मागून ऐकलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली. म्हटलं, काय खाकरलायस बेट्या, साक्षात बाबा. वय झालं की नक्कल मुरते.

काय म्हणालात? मशीनच बंद का ठेवत नाही म्हणजे? — ठेवतो की. रात्री ठेवतो.

नाही, सकाळी मी लावतो. शटर उघडलं की आधी मशीन लावायचं, ही सवय. दुकान बंद आहे, बरोबर आहे तुमचं. दादा गेल्यापासून बंदच आहे. तरी शटर वर करतो, मशीन लावतो, मागे जाऊन बसतो. सवय आहे हो, दुसरं काय. वहिनी वरून विचारते, भावोजी, खाली काय करताय? मी म्हणतो, काही नाही. आणि खरंच काही नसतं. कटरला तेल देतो. आणि आता काय होतं बघा, फोल्डरात तर कुणी काही टाकत नाही, मग हा घड्याळ लावल्यासारखा दर अर्ध्या तासाने. ह्हं-खॅक्. आणि पुढे काहीच नाही. खोकला येतो आणि पुढे काही येत नाही. म्हणून पुतण्याला म्हटलं, बाबा रे, कुणाला तरी बोलाव, हे काढून टाक. जमेना मला. बंद केला की पुन्हा उठतो, सांगितलं ना.

रडलो? नाही हो. लोक विचारतात, तोंडाकडे बघतात. पुतण्या रडला, वहिनी रडली, तो वकीलसुद्धा रडला, येऊन. मी त्यांना चहा दिला. मला काही होत नाहीये, ताई. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले होतं असं. म्हणजे काय होतं, काही होत नाही ते होतं? मी म्हटलं त्यांना, डॉक्टर, मी चालू आहे, खिडकी तेवढी नाही. त्यांना कळलं नाही. तुम्हाला कळलं बघा.

तो गेला इथेच. तुम्ही बसलाय तिथे. — अहो उठू नका, आता कुठे बसणार. दुपारची वेळ होती, मी मागे पावतीपुस्तकं शिवत होतो. खोकला आला. "आलो, बाबा" आलं नाही. मला वाटलं, पाणी प्यायला गेला असेल. पुन्हा अर्ध्या तासाने आला. पुन्हा नाही. तेव्हा मी मनात म्हटलं — अच्छा! म्हणजे आज हा माझी फिरकी घेतोय. कळलं वाटतं याला. मुद्दाम गप्प बसलाय, मी बाहेर डोकावतो का बघायला. मग मी तरी कशाला डोकावतो! मीही दबा धरून बसलो. हसू आवरत. तिसरा खोकला आला, आणि मी म्हटलं, मानलं रे दादा तुला, शेवटपर्यंत हूं नाही की चूं नाही. आणि मग वहिनी जिन्यावरून खाली आली, चहाला हाक मारायला.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या क्षणीच गेला असणार, तुम्ही धावला असतात तरी काही नव्हतं. तसं मी विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं. बरं, सांगितलं तर सांगितलं.

चालू द्या तुमचं, मी आपला बडबडतोय. सापडला का? ‘प्रिंटर मदत’, हां, तोच. थांबवला? आता बघा हं, मिनिट जाऊ द्या — बघा, उठला! मी म्हटलं नव्हतं?

काय? कोण उठवतं त्याला? कोण उठवणार, तोच उठतो.

दुसरी? दुसरी कसली मदत, ताई? मी एकच केली होती. एक करताना माझे केस गेले, दोन कुठून करतो. नीट वाचा. हा चष्मा जवळचा नाही माझा, तुम्हीच वाचा. काय नाव म्हणालात?

‘प्रिंटर मदतीची मदत’.

नाही. हे मी नाही केलेलं. आणि ही करते काय? काहीच नाही? फक्त बसून बघते, की माझी चालू आहे का. थांबली असेल तर उठवते. बस? एवढंच काम? कधीची आहे ही — अपडेटच्या वेळची. ते दोन दिवस.

दादाला हे येत नव्हतं, ताई. तो डिझाईन करायचा, हे असलं नाही. त्याला कोण शिकवणार, त्याने तर कधी मास्तरांना एक प्रश्न विचारला नाही. तो फक्त नोट्स टाईप करायचा. मास्तर हाताने लिहून आणायचे, दादा इथे बसून टाईप करायचा, मग छापायला, मग माझ्याकडे शिवायला.

तो धडा दादाने टाईप केला होता.

अक्षर न् अक्षर. मी मागे बसून जे उशीखाली ठेवून चोरून वाचत होतो, ते याने पुढे बसून टाईप केलं होतं. आणि हे माझ्या टाळक्यात इतक्या वर्षांत आलं नाही! मग त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. वकिलांच्या दिवसापासून. मग तो ब्रश घेऊन धूळ काय काढत होता? घसा काय खवखवत होता? मेल्याने मला — नाही, मेल्याने म्हणायची सवय आहे आमच्यात, तुम्ही मनावर घेऊ नका.

अजून काय आहे त्या ‘प्रिंटर मदत’च्या फोल्डरात? आवाजाच्या दोन फायली? एकच असायला हवी. नावं वाचा. ‘खोकला’. आणि दुसरी? मोठ्याने वाचा, लाजू नका.

‘खोकला नापास’.

नापास कुणाचा, माझा? म्हणजे हा जो वाजतोय तो माझा नाही? मुरलेली नक्कल म्हणून मी पाठ थोपटली ती — लावा ती नापास आधी. हां, हा मी. ह्हॅ-खक्. शी. हे काय बाबा आहेत? आणि पुढे हसतोय बघा, मीच, आवरलं नाही रेकॉर्ड करताना. ते कापायला जमेना, म्हणून तर प्रोग्रॅममध्ये लिहून टाकलं, दोन सेकंद वाजव आणि तोड, पुढचं ऐकवू नको. आता ती दुसरी लावा. सगळी लावा, तोडू नका.

...

पुन्हा लावा. पंख्याचं काय म्हणाला?

"लाव रे आता पंखा." हो. आणि तो मागून कोण ओरडतोय, "झालं का तुझं काम?" — तो मी आहे. पार्टिशनमागून. उन्हाळा होता तेव्हा. हा म्हणाला होता, अरे, दोन मिनिटं पंखा बंद कर, आवाजाने माझं डोकं उठतंय. मी केला. घामाने निथळत बसलो इथे मागे, आणि हा पुढे बाबांसारखा खाकरून घेत होता. मी विचारलंसुद्धा नाही कशाला. आणि शेवटी काय म्हणतो तो? खुर्ची करकरते त्यात बुडालंय.

"झालं." बस, एवढंच. झालं.

नको, आता नका लावू पुन्हा. ऐकलं मी.

म्हणजे स्वतःच खाकरायचा आणि स्वतःच "आलो, बाबा" म्हणायचा. आणि मी मागे लोळायचो. ते लोळणं त्याला पुढे ऐकू जात असणार — शिलाई मशीन रिकामं चालतंय की कागदावर, ते काय त्याला कळत नव्हतं? त्यासाठीच चालवलं असणार हे सगळं. दोन दिवस मी मागून हसलो नाही, तर बसला रात्रीचा आणि दुरुस्त करून ठेवला.

काय? पेनड्राइव्हवर देता? द्या की, पण त्याचं मी करू काय? मनात आलं की बटण दाबून ऐकू? ते मग गाणं झालं, ताई. खोकला सांगून येत नाही. आपण कटरला तेल देत असावं, डोक्यात काही नसावं, आणि तो आला पाहिजे. नको ते पेनड्राइव्ह.

नाही. थांबा. काढा हात. माऊस सोडा म्हणतोय ना. माहीत आहे, मीच म्हटलं होतं काढायला, पुतण्याने त्याचेच पैसे दिलेत, सगळं खरं. तुम्ही असं करा, त्याला फोन करा आणि सांगा, मशीन गेलं. आतला बोर्ड जळाला, वास येतोय, विकत घेणाऱ्याला दिलं तर शिव्या खाल. तो प्रिंटर घेऊन जाईल, कटर घेऊन जाईल, हा डबा इथेच टाकेल. मग मी वर नेतो. वहिनीच्या खोलीत नाही, माझ्या. का, खोटं बोलत नाही तुम्ही? कधीच नाही? एवढं शिकून? मग बोलू नका, नुसतं ‘चालण्यासारखं नाही’ म्हणा. खरंच आहे की, कुठे चालतंय ते, एका जागी बसलंय. तोंड गंभीर ठेवा. हसू आलं की जीभ चावायची, फडकं देऊ? हां, अशा. छान जमतंय तुम्हाला.

आता व्हा तुम्ही. चहा पुन्हा कधी तरी. शटर अर्धं खाली ओढा जाताना, आणि पायरीवर जपून, तिथे मी जरा तेल — नाही, आज नाही टाकलंय, थट्टा केली. खुर्ची तेवढी राहू द्या तशीच, मी बसतो. डावीकडे टेकत नाही, माहीत आहे. तुम्ही जा. आणि फोल्डरात काही सेव्ह तर नाही ना केलंत? नाही ना? बरं झालं. म्हणजे अर्धा तास होत आला असेल. जरा गप्प —

आलो, बाबा.